यू. एस. न्यूजची लॉ स्कूल क्रमवारी : प्रवेशासाठी कितपत कामाची?

मुलीच्या लॉ स्कूल प्रवेशाच्या निमित्ताने ‘यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट’ या अमेरिकी प्रकाशनाची लॉ स्कूल क्रमवारी वर्षभर आमच्या घरात पंचांगासारखी पाहिली जात होती. आपल्याकडे सीईटीच्या गुणांची गरज विद्यार्थ्याला असते. अमेरिकेत मात्र विद्यार्थ्याच्या एलसॅटच्या, म्हणजे लॉ स्कूल प्रवेश परीक्षेच्या, गुणांची गरज कॉलेजलाही असते, हे त्यातून हळूहळू उमगले.

एलसॅटचे गुण १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात आणि क्रमवारीत मोजला जातो तो दाखल झालेल्या वर्गाचा मध्यक, म्हणजे वर्गाला निम्म्यावर विभागणारा गुण. मध्यक १६८ असलेल्या कॉलेजच्या हिशेबात १६७ गुणांचा आणि १५५ गुणांचा विद्यार्थी सारखेच ठरतात, कारण दोघेही रेषेखाली असतात. त्यामुळे १६९ गुण मिळवणाऱ्याला घसघशीत शिष्यवृत्ती देऊ केली जाते आणि १६७ गुणांचा, कदाचित अधिक जाणता उमेदवार प्रतीक्षायादीत ताटकळतो. हा मोह किती मोठा आहे, हे इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकरणात दिसले. तेथील लॉ कॉलेजने एलसॅट आणि जीपीएचे (पदवीच्या सरासरी गुणांचे) फुगवलेले आकडे कळवल्याबद्दल अमेरिकन बार असोसिएशन या लॉ कॉलेजांना मान्यता देणाऱ्या वकिलांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्याला अडीच लाख डॉलरचा दंड केला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डची लॉ स्कूल्स क्रमवारीसाठी माहिती देणे थांबवून तिच्यातून बाहेर पडली, त्यांच्यामागोमाग इतरही गेली, आणि २०२३ मध्ये क्रमवारीची पद्धत बदलली. प्रवेश परीक्षेच्या गुणांचा भार ११.२५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर पदवीनंतर दहा महिन्यांनी किती जणांना काम मिळाले याचा भार ३३ टक्के झाला. बदल स्वागतार्ह आहे. मात्र बाहेर पडलेल्या कॉलेजांनाही सार्वजनिक माहितीच्या आधारे क्रमांक दिलेच जातात, हे जरा गमतीचे वाटते.

रोजगाराचा रकाना उपयोगी असला, तरी प्रवेशाचा अंदाज बांधण्यासाठी ही क्रमवारी अपुरी आहे, आणि तिच्यातील सविस्तर आकड्यांसाठी वर्गणी भरण्याचे कारण मला दिसत नाही. बार असोसिएशनच्या नियमानुसार प्रत्येक मान्यताप्राप्त कॉलेज ‘५०९’ अहवाल विनामूल्य प्रसिद्ध करते. त्यात एलसॅटच्या मध्यकासोबत २५व्या आणि ७५व्या पर्सेंटाइलचे गुण असतात, शिवाय गुण टिकवण्याच्या अटीवर दिलेल्या शिष्यवृत्त्यांपैकी किती पुढे कमी किंवा बंद झाल्या, तेही असते. एलसॅटच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळत असेल, तर होकार कळवण्यापूर्वी हा शेवटचा आकडा जरूर पाहावा.