ए चाइल्डहूड अ‍ॅट ग्रीन हेजेस: एनिड ब्लायटनच्या मुलीचं जुनं पुस्तक घेतलं त्याचा रिव्ह्यू

आधी स्टार देऊन टाकते. पुस्तकाला चार, ज्याच्याकडून घेतलं त्या ऑनलाइन जुन्या पुस्तकवाल्याला दोन (नाव घेत नाही, तीन पौंड परत केलेत बिचाऱ्याने), आणि शेवटी ज्या बेकन्स्कॉट नावाच्या छोट्या मॉडेल गावाबद्दल लिहिलंय त्याला पाच.

पुस्तक इमोजेन स्मॉलवूडचं, १९८९ ला मेथ्युएनने काढलेलं. इमोजेन म्हणजे एनिड ब्लायटनची, फेमस फाइव्ह ही मुलांच्या साहसकथांची मालिका लिहिणाऱ्या बाईची, धाकटी मुलगी. मोठी जिलियन, १९३१ ची, आणि ही १९३५ ची. मला नवीन कॉपी कुठे मिळेना म्हणून जुनी मागवली, वर्णनात "व्हेरी गुड कंडिशन" होतं आणि आलं ते कुठल्यातरी लायब्ररीतून काढून टाकलेलं, आत शिक्के, वरचं कव्हर गायब, मधल्या आठ-दहा पानांवर चहाचा भलामोठा डाग आणि ओल लागलेल्या माळ्यावरच्या ट्रंकेचा वास. दोन दिवस बाल्कनीत उन्हात ठेवलं, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये जे काही ऊन म्हणतात त्यात.

आता मी हे का घेतलं, तर आमच्या पिढीतल्या डोंबिवलीच्या इंग्लिश मीडियमवाल्यांना सांगायला नको. बिल्डिंगच्या खाली एका काकांची लायब्ररी होती, तिथून फेमस फाइव्ह आणायचे, २१ च्या २१ भाग, काही तर तीनदा वाचले असतील. आईला फक्त एकच ऑब्जेक्शन होतं, ही पोरं सारखी जिंजर बीअर पितात ती दारू आहे का, आणि मलाही माहीत नव्हतं त्यामुळे मी ठामपणे नाही म्हणायचे. तर त्या वयात मला पक्कं वाटायचं की ही पुस्तकं लिहिणारी बाई घरी कसली धमाल आई असेल! तिच्या मुलींचा काय हेवा वाटायचा.

तर त्या धमाल आईच्या घरात लहानपण काढलेली इमोजेन काय म्हणते? उद्धट, मनातून असुरक्षित, नको असलेल्या गोष्टी डोक्यातून पुसून टाकण्यात पटाईत, आणि आईपणाचा अंश नाही. हे सगळं तिने स्पष्ट शब्दांत म्हटलंय, आडून आडून नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बंद करून भाजी टाकायला गेले. आपल्याकडे आईवर लिहायचं म्हणजे श्यामची आई, तिथपासून इथपर्यंत यायला जरा वेळ लागतो.

पण हे पुस्तक आईची धुणी धुणारं नाहीये, हे आधी सांगते, कारण २००९ मध्ये बीबीसीने ब्लायटनवर फिल्म केली आणि हेलेना बॉनहॅम कार्टरने ती बाई अशी काही उभी केली की बऱ्याच लोकांच्या डोक्यात आता तेच चित्र बसलंय. इमोजेनचं लिखाण तसं नाही. ती थंड डोक्याने लिहिते, कधीकधी इतकं थंड की आपल्यालाच वाटतं अगं थोडी चिडून तरी घे. लहानपणी आई तिला एक कडक अधिकारी वाटायची, आणि मोठी झाल्यावर तिने आईचा द्वेष केला नाही, तिला आईची कीव आली.

घर म्हणजे ग्रीन हेजेस, बेकन्सफिल्डला (लिहिताना बीकन्स, म्हणताना बेकन्स, मला वर्षभर चुकीचं म्हटल्यावर एका आजोबांनी दुरुस्त केलं). १९३८ ला ही मंडळी तिथे राहायला गेली. आणि घराचं नाव कोणी ठेवलं माहितीये का, ब्लायटन 'सनी स्टोरीज' नावाचं मुलांचं साप्ताहिक चालवायची त्यातून तिने वाचकांनाच विचारलं, नावं सुचवा, आणि पोरांनी ग्रीन हेजेस निवडलं. म्हणजे देशभरातली पोरं त्या घराला आपलंच समजत असणार. त्यांची ढिगाने पत्रं यायची आणि बाई त्यांना स्वतःच्या हाताने उत्तरं लिहायची. घरातल्या दोन पोरी मात्र बहुतेक वेळ नॅनीजवळ. तेव्हा तिथल्या खात्यापित्या घरांत मुलं नॅनीच वाढवायची हे खरंय, त्यामुळे सगळंच आजच्या फूटपट्टीने मोजू नये, पण तरी. बाई मांडीवर टाइपरायटर घेऊन बसायची आणि दिवसाला सहा हजार, जोरात असली तर दहा हजार शब्द. दहा हजार! मला हा रिव्ह्यू लिहायला तीन संध्याकाळी लागल्या. आयुष्यात सातशेच्या वर पुस्तकं लिहिली, त्या आकड्याला लागणारे तास कुठून तरी कापलेच जाणार.

पण वेळ न देणं एकवेळ समजू शकते हो, आपणही लॅपटॉपवर बसून "हं हं, छान काढलंयस" म्हणतोच की न बघता. मला जड गेलं ते वडिलांचं.

मेजर ह्यू पोलॉक. ब्लायटनचा पहिला नवरा, जॉर्ज न्यूनस नावाच्या प्रकाशन कंपनीत एडिटर, तिची सुरुवातीची पुस्तकं मार्गी लावण्यात त्याचा हात होता. लग्न १९२४ चं. पुढे त्याचं पिणं, पहिल्या महायुद्धातलं काय काय डोक्यात बसलेलं, मग दुसरं युद्ध लागलं आणि तो बराच काळ घराबाहेर, आणि दोघांचीही दुसरीकडे प्रकरणं. तर घटस्फोट घेताना असं ठरलं की दोष ह्यूने स्वतःवर घ्यायचा म्हणजे मुलांच्या लाडक्या लेखिकेच्या नावाला धक्का नको, आणि बदल्यात त्याला मुलींना भेटता येईल. १९४२ ला घटस्फोट झाला. फेमस फाइव्हचा पहिला भागही १९४२ चाच. पुढच्या वर्षी बाईने केनेथ डॅरेल वॉटर्स नावाच्या सर्जनशी लग्न केलं, मुलींची आडनावं बदलून डॅरेल वॉटर्स केली, आणि ह्यूला मुलींना काही भेटू दिलं नाही. इमोजेन तेव्हा जेमतेम आठ वर्षांची. १९५२ ला ब्लायटनने मुलांसाठी स्वतःची जीवनकथा छापली त्यात हसरं कुटुंब आहे, नवरा म्हणून केनेथ आहे, आणि ह्यू नावाचा माणूस कधी होता याचा पत्ता नाही.

इमोजेन आईबद्दल "पुसून टाकण्यात पटाईत" म्हणते ते मी आधी मुलीचा राग म्हणून वाचलं होतं. पण मग बॉब्सची गोष्ट आठवली. बॉब्स म्हणजे ब्लायटनचा फॉक्स टेरिअर कुत्रा, शिक्षकांच्या एका साप्ताहिकात त्याच्या नावाने ती मुलांना पत्रं लिहायची. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे इमोजेन जन्मली त्यानंतर काही आठवड्यांत, कुत्रा गेला. पत्रं? चालूच. मेलेला बॉब्स पुढे कित्येक वर्षं मुलांना पत्रं लिहीत होता. हे वाचून आधी मला हसू आलं आणि मग आलं नाही.

आणि याच्याही मागे जा. एनिड स्वतः तेराची होती-नव्हती तेव्हा तिचा बाप घर सोडून गेला दुसऱ्या बाईसाठी. शेजारीपाजाऱ्यांनी विचारलं तर तिची आई मुलांना सांगायला लावायची, बाबा बाहेरगावी गेलेत, येतील. एनिडचा जीव बापावरच होता, तोच तिला फुलं-पाखरं-चांदण्या दाखवायचा. म्हणजे नसलेलं माणूस आहे असं सांगत राहायचं हे ती घरीच शिकली, आणि मग असलेलं माणूस नाही असं सांगायला तिला काही जड गेलं नसावं. हे माझं मत हं. पण ज्या मुलीने स्वतः बाप गमावला तिनेच आपल्या दोन मुलींच्या बाबतीत तेच केलं, आणि वर तिच्या पुस्तकांतल्या पोरांना कधी आईबाप फारसे लागतच नाहीत, ती सुट्टी लागली की सायकली काढून निघतात! लहानपणी मला ते स्वातंत्र्य वाटायचं.

आता चार स्टारच का. एक तर पुस्तक छोटं आहे आणि तुटक आहे, अर्थात तिनेच त्याला आत्मचरित्राचा एक तुकडा म्हटलंय त्यामुळे तक्रार करायला जागा नाही, पण मला मोठेपणीचं अजून हवं होतं. दुसरं म्हणजे यात दुसरी बाजू नाही, आणि ती आहे. जिलियन, मोठी बहीण, शेवटपर्यंत म्हणत राहिली की आमची आई प्रेमळ आणि न्यायी होती, तिच्यासोबत वेळ मजेत जायचा, आणि आईची पुस्तकं पोचवण्यासाठी २००७ मध्ये जाईपर्यंत ती धडपडत राहिली. एकाच घरात, एकाच छताखाली. लोक विचारतात मग खरं कोण. मला तर दोघीही खऱ्या वाटतात, आम्हा दोघी बहिणींना विचारा आमची आजी कशी होती, दोन वेगळ्या बायकांबद्दल बोलतोय असं वाटेल. जिलियनला चार वर्षं जास्त मिळाली हेही धरा, बाप जाण्याआधीची, टाइपरायटर अजून इतका धावत नव्हता तेव्हाची.

तर पुस्तक वाचून झालं आणि मग मी सगळ्यांना घेऊन बेकन्सफिल्डला गेले. आम्ही स्लाओला राहतो, गाडीने जवळच आहे, लंडनहून येणार असाल तर मेरिलबोनवरून ट्रेन आणि स्टेशनवरून चालत. खरं ग्रीन हेजेस बघायला मिळत नाही, १९७३ ला पाडलं, तिथे आता घरं आहेत आणि रस्त्याला ब्लायटन क्लोज नाव दिलंय. पण बेकन्स्कॉट नावाचं मॉडेल व्हिलेज आहे तिथेच, १९२९ चं, रोलंड कॅलिंगहॅम नावाच्या अकाउंटंटने स्वतःच्या बागेत केलेलं. सांगतात की त्याची घरातली खेळण्यातली ट्रेन बघून बायको वैतागली, म्हणाली एकतर ही बाहेर जाईल नाहीतर मी. ट्रेन बाहेर गेली. आमची आई सध्या आलीये इकडे, आत शिरल्या शिरल्या म्हणाली, "अगो हा तर दिवाळीचा किल्ला!" आणि खरंच तसंच आहे, फक्त मावळ्यांच्या जागी क्रिकेट खेळणारे साहेब, गुडघ्याएवढी चर्चं, आणि मधून सतत धावणाऱ्या गाड्या. दुकानांच्या पाट्या नीट वाचा, भाजीवाला क्रिस पी. लेटिस आणि खाटिक सॅम अँड एला, जोरात वाचा म्हणजे कळेल (क्रिस्पी लेटिस, आणि अन्नातून विषबाधा करणारा सॅल्मोनेला). माझी नऊ वर्षांची लेक त्या खाटिकावर दहा मिनिटं हसत होती. राजकन्या असताना एलिझाबेथही यायची इथे. ब्लायटनच्या तर हे घराजवळचंच, तिने यावर एक गोष्टही लिहिलीये.

आणि तिथे ग्रीन हेजेस आहे. छोटंसं, मांजर बसेल एवढं, बाग वगैरे सगळं व्यवस्थित. मी वाकून वरच्या मजल्याच्या खिडकीत बघत बसले, नर्सरी यातली कुठली असेल, पण आत काही दिसत नाही, काळोखच आहे. लेकीने विचारलं, इथे ती फेमस फाइव्हवाली राहायची? म्हटलं हो. अजून कोण? म्हटलं तिच्या दोन मुली, एकीचं नाव इमोजेन होतं... आणि मग पुढचं काही सांगितलं नाही, तेवढ्यात ट्रेन आली आणि ती पळाली. सध्या ती फाइव्हचा चौथा भाग वाचतेय, वाचू दे.

प्रॅक्टिकल: अर्धा दिवस धरा, हिवाळ्यात काही महिने बंद असतं तेव्हा साइट बघून जा, गुडघे दुखणाऱ्यांनी वाकायचं कमी ठेवा (आईचा निरोप).

पुस्तक कुणाला हवं असेल तर स्लाओच्या आसपास देईन वाचायला, डागासकट. फक्त परत द्यायचं. डोंबिवलीच्या काकांच्या लायब्ररीचा फेमस फाइव्हचा एक भाग अजून माझ्याच कपाटात आहे, त्यामुळे लोक काय करतात ते मला चांगलं माहितीये.