पाच महिने, तीन बाटल्या आणि तो भिकार पंप

काल रात्री आईच्या मॉइश्चरायझर क्रीमच्या बाटलीचा पंप तुटला म्हणून लिहायला बसलोय. आईचं आठवड्यातून तीनदा परळला डायलिसिस, आणि ज्यांच्या घरात हे आहे त्यांना खाजेचं वेगळं सांगायला नको. ना पुरळ ना गांधी, पण रात्री पाठ नुसती पेटते, फणीने खाजवून रक्त काढलं होतं तिने.

क्रीम चांगलंय, आधीच सांगतो. वास नाही, लालबागच्या दमट हवेतही गाऊन अंगाला चिकटत नाही. लोक म्हणतात मुंबईत कसलं मॉइश्चरायझर, घाम काय कमी येतो का! अहो, ह्या पेशंटना घामच कमी येतो, कातडी सुकते, नडग्यांवर खवले निघतात. आंघोळ झाल्यावर अंग ओलसर असतानाच लावायचो, पंधरा दिवसांत खवले गेले, मी पाच स्टार देऊन मोकळा.

आता तीनच. कोरडेपणा गेला पण रात्रीची खाज तशीच. मेडिकलमधून अ‍ॅलर्जीची गोळी आणली, तर आई पेंगायची आणि पेंगता पेंगता खाजवायची. तीन महिन्यांनी नेफ्रोच्या (किडनीच्या) डॉक्टरांच्या कानावर घातलं (आईचं म्हणणं, एवढ्याशा खाजेसाठी त्यांना कशाला त्रास). त्यांनी रक्तातलं फॉस्फरस, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) बघितलं, डायलिसिस पुरेसं होतंय का ते बघितलं आणि गॅबापेंटिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी १०० मिलिग्रॅम दिली, तीही फक्त डायलिसिस झाल्यावर. ती किडनीवाटेच बाहेर पडते म्हणून डोस एवढासा, मनाने वाढवू नका. पहिले काही दिवस गरगरलं तिला, मग एका रात्री सलग चार तास झोपली. मीच दोनदा उठून श्वास चालू आहे ना बघून आलो.

तर पंप. नळी तळाला पोचतच नाही! किराणावाल्याच्या काट्यावर वजन करून घेतलं, सहाशे रुपयांच्या ४०० ग्रॅममधलं ५२ ग्रॅम आतच, म्हणजे दर बाटलीमागे पाऊणशे रुपये पाण्यात. अमेरिकेत २०२१ साली डायलिसिसवाल्यांच्या खाजेसाठी खास डायफेलिकेफालिन नावाचं इंजेक्शन मंजूर झालं, आणि ह्या क्रीमवाल्यांना दोन बोटं जास्त लांब नळी जमत नाही. कस्टमर केअर म्हणतं उघडलेली बाटली बदलून मिळणार नाही. अरे बाबा, न उघडता पंप तुटेल कसा?

बाटली आता स्टीलच्या पेल्यात उलटी उभी केलीय, चमच्याने काढतो. तुटका पंप कचऱ्यात टाकत होतो, तर आई म्हणाली, "राहू दे रे, पाठीपर्यंत बरोबर पोचतो."