टूसॉनच्या अंगणात काय लावावं : मूळची झाडं आणि बाहेरून आलेली

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉनमध्ये घर घेतलेल्याला पहिल्याच जूनमध्ये पश्चिमेच्या भिंतीचा इंगा कळतो. दुपारी तापलेली ती भिंत मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. मग झाड लावायचं ठरतं, नर्सरीत फेरी होते. तिथे रांगेने कुंड्या मांडलेल्या असतात आणि बहुतेकांवर ‘डेझर्ट’, ‘कमी पाणी’ अशा चिठ्ठ्या असतात. त्यातलं सोनोरन, म्हणजे टूसॉनभोवतीच्या वाळवंटातलं मूळचं कुठलं, दक्षिण अमेरिकेतलं कुठलं आणि आफ्रिकेतून आलेलं कुठलं, याचा पत्ता चिठ्ठीवर सहसा नसतो.

‘देशी तेवढंच लावा’ हा सल्ला इथे पुष्कळ जण देतात. मला तो निम्मा पटतो. झाड निवडताना मी दोन गोष्टी बघतो. पहिली, दोन उन्हाळे नीट पाणी घातल्यावर पुढे ते जवळजवळ पावसावर तगेल का? दुसरी, त्याचं बी माझं कुंपण ओलांडून वॉशमध्ये जाईल का? वॉश म्हणजे इथले एरवी कोरडे आणि पावसापुरते वाहणारे ओढे. घराघरातलं बी डोंगरापर्यंत पोचतं ते याच वाटांनी. या दोन्ही चाळण्यांतून मूळची झाडं बहुतेक पार पडतात, बाहेरची थोडीच. पण काही पार पडतात, आणि ती लावायला माझी हरकत नाही.

त्याआधी आपलं घर खोऱ्यात कुठे आहे ते पाहा. टूसॉनच्या उत्तरेला सांता कॅटालिना, पूर्वेला रिंकॉन, पश्चिमेला टूसॉन माउंटन्स आणि दक्षिणेला सांता रिटा. शहर साधारण ७३० मीटर उंचीवर, तर कॅटालिनातलं माउंट लेमन २,७९१ मीटर. सग्वारो या उंच खांबी निवडुंगाच्या रानातून निघालेली गाडी तासाभरात पाँडेरोसा पाइनच्या जंगलात पोचते. त्यामुळे ‘ॲरिझोनाचं झाड’ एवढी ओळख पुरत नाही, कुठल्या उंचीवरचं ते विचारायला हवं. आणखी एक गंमत म्हणजे हिवाळ्याच्या रात्री थंड हवा उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी साठते. म्हणून पायथ्याच्या चढावरची घरं रात्री तळातल्या घरांपेक्षा उबदार राहतात. थंडीला नाजूक झाड चढावर जगतं आणि नदीकाठच्या सखल भागात करपतं. पाऊस वर्षाला जेमतेम ३०० मिलिमीटर. त्यातला निम्म्याच्या आसपास जुलै ते सप्टेंबरच्या मॉन्सूनमध्ये पडतो, उरलेला बराचसा हिवाळ्यात.

सावलीचं झाड

सगळ्यात जास्त विचार इथे करा, कारण हा निर्णय पन्नास वर्षांचा असतो.

मूळचं वेल्वेट मेस्किट आणि दक्षिण अमेरिकेतून आलेलं, नर्सरीत ‘चिलीयन’ म्हणून मिळणारं मेस्किट यांत खरी स्पर्धा आहे. दोन्ही आपल्या वेड्या बाभळीच्या गोतातली. चिलीयनवाल्यांतली बरीच रोपं संकरित असतात. ती झपाट्याने वाढतात, काहींना काटे नसतात, आणि पानं हिवाळ्यातही बऱ्यापैकी टिकतात. तीन-चार वर्षांत सावली हवी असेल तर मोह होणारच. पण ठिबकच्या नळीखाली वाढलेल्या या झाडाची मुळं वरच्या वर पसरतात, शेंडा मात्र भरगच्च होतो. मॉन्सूनमध्ये ढगाखालून एकदम आदळणारा वारा आला की मुळासकट आडवं पडलेलं झाड बघितलंत, तर ते बहुधा हेच असतं.

वेल्वेट मेस्किट सावकाश वाढतं आणि लहानपणी चांगलंच काटेरी असतं. हिवाळ्यात ते पानं गाळतं, आणि मला हा त्याचा गुण वाटतो, कारण डिसेंबर-जानेवारीत घरावर ऊन यायला हवंच असतं. मुळं किती खोल जातात म्हणाल, तर टूसॉनजवळच्या एका उघड्या खाणीत मेस्किटचं मूळ ५० मीटरहून अधिक खोलीवर सापडलं होतं. अंगणातलं झाड तितकं खोल जाणार नाही, पण पाणी लांब-लांब अंतराने आणि भरपूर सोडलं तर ते खालीच झेपावतं. शेंगा गोड असतात. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओ’ओधम लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं पीठ करत आले आहेत. पीठ करायचंच असेल तर शेंगा मॉन्सूनच्या आधी, झाडावरून तोडून घ्याव्यात. पाऊस लागलेल्या आणि जमिनीवर पडलेल्या शेंगांना बुरशी धरते. चिलीयनच्या शेंगांच्या चवीचा भरवसा नाही, काही चक्क कडू निघतात.

घाई नसेल तर वेल्वेट. घाई असेल तरीही वेल्वेटच, आणि तोवर भिंतीवर शेडनेट. माझं मत इतकं एकतर्फी आहे.

पालो व्हर्डेची गोष्ट वेगळी. हा ॲरिझोनाचा राज्यवृक्ष. खोड आणि फांद्या हिरव्या, दुष्काळात पानं टाकून तो हिरव्या सालीवरच अन्न तयार करतो. मूळच्या जाती दोन : उताराच्या खडकाळ जमिनीवरचा, अतिशय मंद वाढणारा फुटहिल पालो व्हर्डे आणि वॉशच्या काठचा, थोडा मोठा ब्लू पालो व्हर्डे. तिसरा मेक्सिकन. तो अंगणात आला की बी टाकून शेजारीपाजारी उगवतो, म्हणून तो नको. या तिघांचा संकर म्हणजे ‘डेझर्ट म्युझियम’ पालो व्हर्डे. बिनकाट्याचा, भराभर वाढणारा, वसंतात पिवळ्या फुलांनी मढणारा, आणि शेंगा फार न धरणारा, त्यामुळे पसरण्याची भीती कमी. शुद्धतावादी लोक नाक मुरडतात, पण लहान मुलांच्या घरी मी हाच सुचवीन. फांद्या ठिसूळ असतात, तेवढी छाटणी जपून करायची.

चढावर घर असेल आणि धीर असेल तर आयर्नवुड. त्याचं लाकूड पाण्यात बुडतं इतकं जड. तो शेकडो वर्षं जगतो, उन्हाळ्याच्या तोंडाला जांभळट फुलं येतात. खोऱ्याच्या तळात मात्र थंडी त्याला सोसत नाही.

आफ्रिकन सुमॅक शहरात जागोजागी दिसतो. बारमाही हिरवा, गर्द सावलीचा, पाणीही कमी मागणारा. पहिल्या चाळणीतून पास. दुसरीत साफ नापास, कारण पक्षी बिया नेतात आणि वॉशमध्ये त्याची रोपं फोफावतात. परागांचा त्रासही आहे. आणि परागांवरून आठवलं, साधं ऑलिव्ह आणि बिनफळाचं नर तुतीचं झाड विकायला आणि लावायला पिमा काउंटीत, म्हणजे टूसॉनच्या जिल्ह्यात, बंदी आहे. ‘स्वान हिल’सारखं पराग न सोडणारं ऑलिव्ह चालतं.

आडोशाची झाडं

इथल्या जुन्या वस्त्यांत कुंपणाला सर्रास कण्हेर दिसते. उन्हाला दाद देत नाही, फुलं भरभरून येतात, आणि रानात ती सहसा पसरत नाही. पण पान, फूल, काडी सगळं विषारी आहे. कुत्रं, घोडा किंवा रांगतं मूल घरात असेल तर विषय तिथेच संपतो. छाटलेल्या फांद्या जाळायच्याही नाहीत, धूरसुद्धा घातक असतो.

तिच्या जागी हॉपबुश लावा. ते आसपासच्या टेकड्यांवरचंच झुडूप, पुरुष-दीड पुरुष उंच होतं, बारमाही हिरवं राहतं. नर्सरीत जांभळ्या पानांचंही मिळतं, ते मात्र न्यूझीलंडकडचं आहे आणि थंडीत हिरव्यापेक्षा नाजूक. ॲरिझोना रोजवुड डोंगरउतारांवरचं, पानांनी दाट, पांढऱ्या फुलांचं. त्याची भिंत उभी राहायला वर्षं लागतात, पण एकदा राहिली की कण्हेरीची आठवण येत नाही.

निवडुंग

दारात सग्वारो असावा असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या आठ वर्षांत तो इंच-दीड इंच वाढतो, फुलायला पस्तीसेक वर्षं लागतात, आणि हात फुटायला त्याहून बरीच अधिक. म्हणून नर्सरीत तो फुटाच्या हिशोबाने विकतात, आणि मोठा घेतला तर मुळं धरेपर्यंत काही वर्षं धाकधूक असते. रानातला उपटून आणायचा विचारही नको. ॲरिझोनाच्या कायद्याने तो संरक्षित आहे, आणि स्वतःच्या जमिनीवरचा हलवायचा तरी आधी राज्याच्या कृषी खात्याला कळवावं लागतं. विकत घेताना परवान्याचा टॅग आहे का ते पाहा. मी म्हणेन, छोटा घ्या आणि पालो व्हर्डेच्या किंवा मेस्किटच्या सावलीत लावा. रानातही त्याचं बाळपण अशाच झाडाखाली जातं.

भिंतीलगत उंच खांब हवेतच असतील तर मेक्सिकन फेन्सपोस्ट किंवा अर्जेंटिनाचा जाडजूड खांबी निवडुंग चालतो. दोन्ही आपल्या जागी राहतात, सग्वारोपेक्षा लवकर वाढतात. २०११च्या फेब्रुवारीसारखी कडाक्याची थंडी पडली तर फेन्सपोस्टचे शेंडे जातात, एवढं धरून चाला.

फुलं

इथे मी सैल आहे. शंखासूर मे ते ऑक्टोबर रणरणत्या उन्हात फुलतो, थंडीत जमिनीपर्यंत वाळतो, छाटला की मार्चनंतर पुन्हा फुटतो. तो मूळचा इथला नाही, पण उपद्रवही करत नाही. बिया विषारी, तेवढं मुलांना सांगून ठेवा. बोगनवेल उबदार भिंतीला लावा. टेक्सास रेंजर हे झुडूप नावाप्रमाणे टेक्सासकडचं. हवेत दमटपणा आला की जांभळ्या फुलांनी भरतं, बाकी काही मागत नाही.

पण हमिंगबर्ड यायला हवे असतील तर मूळचीच झुडपं : हिवाळ्यातही फुलणारी चुपारोसा, गुलाबी पेन्स्टेमॉन, फेअरी डस्टर. रुपेरी पानांचं ब्रिटलबुश तर मार्चमध्ये अख्खे उतार पिवळे करतं.

फळझाडं

यात देशी-विदेशी वाद घालण्यात अर्थ नाही. डाळिंब, अंजीर, ऑलिव्ह स्पॅनिश मिशनऱ्यांच्या काळापासून या खोऱ्यात आहेत. डाळिंब आणि चिनी बोर कमी पाण्यात, खारट जमिनीतही निभावतात. लिंबू-संत्र्याला उन्हाळाभर पाणी लागतं आणि थंडीच्या रात्री पांघरूण. छताचं पाणी वळवलं तर बराच भार हलका होतो : १,००० चौरस फूट छतावर १ इंच पाऊस म्हणजे सुमारे ६०० गॅलन. टूसॉन वॉटर, म्हणजे शहराचा पाणीपुरवठा विभाग, अशा व्यवस्थेच्या खर्चावर परतावा देतं. खड्डा खणताना पहारीला कठीण, पांढरट थर लागला तर ते कॅलिची. पाणी निचरत नसेल तर तिथे फळझाड लावू नका. शेवगा थंडीत जमिनीपर्यंत जळतो आणि उन्हाळ्यात पुन्हा उभा राहतो. कढीपत्ता कुंडीतच बरा.

गवत

इथे तुलनाच नाही. बफेलग्रास कुठल्याही कारणाने नको. आपल्याकडे चाऱ्यासाठी मुद्दाम पेरतात ते अंजन गवत हेच. ॲरिझोनात ते १९३०च्या दशकात गुरांच्या चाऱ्यासाठी आणि धूप थांबवण्यासाठी आणलं गेलं, आणि २००५मध्ये राज्याने त्याला उपद्रवी तण ठरवलं. अडचण त्याच्या हिरवेपणाची नाही, वाळलेपणाची आहे. मूळच्या रानात दोन झुडपांमध्ये उघडी माती असते, त्यामुळे आग पसरत नसे. बफेलग्रास ती मोकळी जागा भरून टाकतं. वणवा आला की ते पेटतं आणि नंतर मुळापासून पुन्हा फुटतं. सग्वारो आणि पालो व्हर्डे मात्र मरतात. वरच्या पाइनला अधूनमधून जमिनीलगतची आग सोसायची सवय आहे, खालच्या निवडुंगांना ती कधीच नव्हती. २०२०च्या जूनमध्ये वीज पडून लागलेल्या बिगहॉर्न वणव्यात कॅटालिना डोंगरातलं सुमारे १,२०,००० एकर क्षेत्र आगीच्या घेऱ्यात आलं. त्या उन्हाळ्यात पायथ्याला राहणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

फाउंटन ग्रास हे त्याचं शोभिवंत भावंड. जांभळट तुऱ्यांमुळे लोक हौसेने लावतात, आणि ते वॉशमधून खडकांत घुसतं. तुऱ्यांचंच गवत हवं असेल तर डीअरग्रास लावा, ते इथलंच आहे. वसंतात पिवळ्या गोळ्यांसारखी फुलं आणि उग्र वास असलेलं रोप उगवलेलं दिसलं, तर ते स्टिंकनेट. ते दक्षिण आफ्रिकेतलं, तेही वाळून पेटणारं. बी धरण्याआधी उपटा.

अंगणात बफेलग्रास आधीपासून असेल तर नवं काही लावायच्या आधी ते काढा. नुसतं कापून उपयोग नाही, पहारीने गड्ड्यासकट उचकटावं लागतं. तुरे आलेले असतील तर पिशवीत भरून कचऱ्यात टाका. फवारणी करायचीच असेल तर ती फक्त मॉन्सूनमध्ये, गवत हिरवं असताना लागू पडते. त्याच जागेवर पुढची दोन-तीन वर्षं दर पावसानंतर नवी रोपं दिसतात का ते बघत राहावं लागतं, कारण मातीत पडलेलं बी तेवढा काळ जिवंत असतं.

लावणीचं वेळापत्रक असं धरा : थंडी सोसणारी, म्हणजे वेल्वेट मेस्किट, पालो व्हर्डे, रोजवुड, ब्रिटलबुश ही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे हिवाळी पावसात मुळं धरतात. आयर्नवुड, लिंबू, शंखासूर आणि बोगनवेल मार्चच्या मध्यानंतर, हिमाची भीती सरल्यावर.