एकच झिजलेला गिअर, अनेक गिऱ्हाइकं

मासे धरायच्या गळाच्या काठीला लावतात त्या जुन्या स्पिनिंग रीलची सर्व्हिसिंग करून देतो, कुठेही न मिळणारे पार्ट मागवून देतो, असं सांगणारा एक माणूस गेली काही वर्षं नाशिकमध्ये वावरतो आहे. बोलायला गोड आणि हाताला खरोखर कला असलेला. पोलिसांत अर्ज दिलेला असल्याने नाव-नंबर लिहीत नाही. लिहून फार उपयोगही नाही, दोन्ही तो बदलत असतो. पद्धत मात्र तीच ठेवतो, म्हणून पद्धतच सविस्तर लिहितो.

गळाने मासे धरणाऱ्यांत काही जण पुढे मासे सोडून रीलच जमवायला लागतात, त्यातला मी. वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते आणि सुटीच्या दिवशी दारणा नदीवर गळ टाकून बसायचे. त्यांचं मिचेल ३०० रील देवळाली कॅम्पातून बदली होऊन जाणाऱ्या एका फौजी अधिकाऱ्याकडून घेतलेलं. देवळालीत असा माल अजूनही निघतो. तोफखान्याचं केंद्र, सततच्या बदल्या, पारशांचे जुने बंगले आणि त्या बंगल्यांच्या माळ्यावरच्या पेट्या. किलोच्या भावाने भंगारात जायच्या आधी आपल्याला निरोप मिळाला म्हणजे झालं.

मिचेल हे फ्रान्समधल्या क्लूझ गावचं, कार्पानो अँड पॉन्स कंपनीचं. कार्डिनल स्वीडनचं, आबू कंपनीचं. दोन्ही घराणी मूळची घड्याळाच्या धंद्यातली; आबूची सुरुवात तर १९२१ साली घड्याळांचा कारखाना म्हणूनच झाली. या रीलचा जीव गिअरमध्ये आहे तो त्यामुळे. कार्डिनल ३३ आणि ४४ मध्ये वर्म गिअर आहे, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांवर फिरणारा; ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की लाइन किती जोराने सुटावी ते ठरवणारी, चकती मागच्या बाजूला, आणि चांगल्या स्थितीतलं रील फिरवलं तर आत काही फिरतंय हे हाताला कळतही नाही. अडचण अशी की यांचे मूळ पार्ट बनायचे कधीच थांबले. बेलची, म्हणजे तंगूस स्पूलवर (रिळावर) वळवणाऱ्या तारेच्या कमानीची, स्प्रिंग तुटते, तंगूस ज्याच्यावरून सरकतो त्या लाइन रोलरला खाच पडते, रील उलटं फिरू न देणारा अँटी-रिव्हर्सचा खटका झिजतो, ड्रॅगचे वॉशर कडक होतात. मग माणूस पार्ट शोधत फिरतो, आणि पार्ट शोधणाऱ्याला शोधत दुसरा कोणीतरी फिरत असतो.

हा माणूस मला एका ओळखीच्या मुलाकडून कळला. आधी त्याला मिचेल ३०८ दिलं. आतलं वंगण साबणासारखं घट्ट झालं होतं, ते त्याने स्वच्छ काढलं, नवीन ग्रीस भरलं, बेलची स्प्रिंग बदलली आणि सहाशे रुपये घेतले. काम चोख होतं, आजही ते रील उत्तम चालतं. पहिलं काम तो चोखच करतो, हे पुढे ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाने सांगितलं.

मग मी कार्डिनल ४४ दिलं. तक्रार काहीच नव्हती, फक्त सर्व्हिसिंग. काही दिवसांनी फोन आला.

"काका, वाईट बातमी आहे. तुमच्या चव्वेचाळीसचा गिअर गेलाय."

"अरे, फिरवताना तर काहीच जाणवत नव्हतं."

"आत्ता नाही जाणवणार. गंगापूर धरणावर एखादा मोठा कटला लागला ना, की एकदम बसेल. मग आतलं सगळंच जाईल. फोटो पाठवतो, तुम्हीच बघा."

फोटो आला. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेला गिअर, दातांच्या कडा खाल्लेल्या आणि एका दाताचा कोपराच उडालेला. बघून पोटात गोळा आला. पार्ट स्वीडनमध्ये एका म्हाताऱ्याकडे आहे, जुन्या स्टॉकमधला, पेटीबंद, साडेसात हजार लागतील, असं तो म्हणाला. असल्या पार्टची परदेशातली किंमत आणि टपालखर्च धरला तर आकडा फार वेडावाकडा नव्हता, आणि त्याची सगळी हुशारी इथेच आहे. तो कधीही अशक्य आकडा सांगत नाही. पार्ट आला तेव्हा छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, वर पिवळी पडलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर टाइप केलेला नंबर. मला पिशवीतला गिअर दाखवला, बसवून रील आणून दिलं, पैसे यूपीआयने घेतले.

मी जुना गिअर मागितला. तो म्हणाला, "तो एक्स्चेंजमध्ये पाठवावा लागला, काका." ज्या वस्तूचं उत्पादनच कित्येक वर्षांपूर्वी बंद झालं, तिचा झिजलेला तुकडा स्वीडनमध्ये कोण आणि कशाला परत घेणार? आपण गॅरेजात साध्या स्कूटरची क्लच प्लेट बदलली तरी जुनी मागून घेतो, मिस्त्रीही न मागता हातात ठेवतो. बदललेला पार्ट परत मिळाला नाही, तर तो बदललाच नाही असं समजून चालावं. हे वाक्य मी आता भेटेल त्याला ऐकवतो.

प्रकार उघडा पडला तो देवळालीच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांकडे. त्यांच्याकडे कार्डिनल ३३ आहे, आणि गप्पांत कळलं की त्यांच्याही गिअरला तोच आजार झाला होता, तोच वैद्य होता, औषधाचा खर्च सहा हजार. त्यांनी फोनमधला फोटो दाखवला. उडालेला दात तोच. आणि दात सोडा, खालचं वर्तमानपत्र तेच होतं: लासलगावच्या कांद्याच्या भावाची अर्धी बातमी, बातमीवर चहाचा डाग. ३३ आणि ४४ ही वेगवेगळ्या आकाराची रीलं आहेत, ३३ लहान आहे. पण फोटोत शेजारी पट्टी किंवा नाणं नसेल तर गिअर केवढा हे कोणाला कळणार?

मग माझं ४४ सातपूरच्या एका टूलरूममध्ये काम केलेल्या शेजाऱ्यांना दाखवलं. त्यांनी रीलं कधी बघितलेली नाहीत, पण गिअर आयुष्यभर बघितलेत. भिंग लावून ते म्हणाले, ही जोडी जुनी आहे. दोन गिअर वर्षानुवर्षं एकमेकांवर फिरले की दातांवर घासल्याचा चकचकीत पट्टा पडतो, आणि एकाचा पट्टा दुसऱ्याशी जुळतो. नवा गिअर जुन्या वर्मवर बसवला असता तर असा जुळला नसता. वरून बफ मारून चकाकी आणली होती, तेवढंच. थोडक्यात, माझ्या रीलचा गिअर कधी खराब झालाच नव्हता. तो काढला, पुसला, पिशवीत घातला आणि साडेसात हजारांना मलाच विकला.

सुभेदारसाहेबांचं प्रकरण याहून वाईट निघालं. त्यांना सगळं डायरीत लिहून ठेवायची सवय आहे. आबूच्या या रीलच्या पायावर, म्हणजे रॉडला बसतो त्या पट्टीवर, एक आकडा ठोकलेला असतो. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे. डायरीत ७७०८ ने सुरू होणारा आकडा होता, म्हणजे ऑगस्ट १९७७. हातातल्या रीलवरचा आकडा ८० ने सुरू होत होता. त्यांना परत मिळालेलं रील त्यांचं नव्हतंच. रंगाला न खरचटलेलं, चांगलं रील ठेवून घेतलं आणि दुसरं, घासलेलं, पॉलिश करून दिलं. बायकोने विचारलं, मग इतके दिवस तुम्हाला कळलं कसं नाही, तेव्हा साहेब म्हणाले, "चकचकीत झालं म्हणून मी खूश होतो."

एवढं झाल्यावर मी त्याच्याकडूनच विकत घेतलेलं आणखी एक रील उघडलं. ते ३८ हजारांचं होतं. सुरुवातीच्या काळातलं मिचेल, अर्ध्या बेलचं, बाजूच्या झाकणावर ३०० हा आकडा नसलेलं. जमवणाऱ्यांना माहीत आहे की पहिल्या मिचेलना आजच्यासारखी पूर्ण गोलाई घेणारी बेल नव्हती, बोटासारखी अर्धीच होती, आणि ३०० हा क्रमांकही नंतर आला. त्यामुळे अशा रीलला किंमत येते. झाकण उघडलं तर आत प्लॅनामॅटिकची गिअरमाळ. स्पूलवर लाइन एकसारखी बसावी म्हणून स्पूल सावकाश वरखाली करणारी ही रचना मिचेलमध्ये साठच्या दशकात आली. बाहेरून आजोबा, आतून नातू. बेल नीट बघितली तर ती पूर्ण बेलच होती, तार मध्येच कापून टोक कानशीने गोल केलेलं. तारेचं दुसरं टोक जिथे बसायचं ते भोक एम-सीलने बुजवून वर काळा रंग मारला होता. नखाने दाबलं तर कळत नाही, सुईने टोचलं की कळतं. झाकण तेवढं खरं जुनं होतं, कुठल्या तरी मेलेल्या रीलचं. म्हणजे यातला कुठलाही तुकडा फ्रान्सबाहेरचा नव्हता, फक्त ते सगळे मिळून जे रील झालं तसलं रील मिचेलने कधी बनवलं नव्हतं. जुन्या रीलच्या बाजारात नकली मालापेक्षा हा प्रकार जास्त धोक्याचा आहे, कारण विकणारा छातीठोकपणे "ओरिजिनल" म्हणतो आणि एकेका तुकड्यापुरतं ते खरं असतं.

घेण्याआधी झाकण उघडून दाखव म्हणावं. "काका, उघडलं की व्हॅल्यू जाते," असं उत्तर आलं तर उठावं. मिचेलचं झाकण स्क्रूचं आहे, उघडल्याने काही जात नाही. स्क्रूची खाच ताजी चमकत असेल आणि बाकी रील काळवंडलेलं असेल, तर ते नुकतंच कोणीतरी उघडलेलं आहे.

सिडकोतल्या एका मुलाला त्याने वेगळ्याच रस्त्याने गाठलं. जपानमधून बेल स्प्रिंग येते आहे, कस्टममध्ये अडकली, ड्यूटीचे २,२०० रुपये आधी पाठव. टपालाने येणाऱ्या पार्सलवर ड्यूटी लागलीच तर ती पार्सल हातात देताना टपाल खातं घेतं. कोणाच्या खासगी यूपीआयवर ती भरायची नसते. आणि जपानवरून आठवलं: कार्डिनल ३३ तिकडे अलीकडच्या काळात पुन्हा काढलं गेलं, त्याच्या नव्या स्प्रिंगा मिळतात. त्या चांगल्या आहेत, मीही वापरतो. पण त्या "सत्तरच्या दशकातला पेटीबंद माल" म्हणून तिप्पट भावाने घेऊ नयेत.

त्याला फोन केला तेव्हा आधी "गैरसमज झालाय काका" म्हणाला, मग "व्हिंटेज मालाला गॅरंटी नसते", आणि मग नंबर ब्लॉक. वर्कशॉप अंबडला आहे, पण कंपनीच्या गेटवर बाहेरच्यांना सोडत नाहीत, असं तो सगळ्यांनाच सांगत आला होता. रील घ्यायला आणि द्यायला नेहमी कॉलेज रोडवर चहाच्या टपरीजवळ भेटायचा.

पोलीस ठाण्यात टेबलावरच्या साहेबांनी दोनदा विचारलं, "गळाचं रील? ३८ हजारांचं?" शेजारचा शिपाई म्हणाला, एवढ्यात वर्षभराचे मासे आले असते. हसले, पण अर्ज घेतला. पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, अर्जात तेच घातलं. बिल नव्हतंच. यूपीआयच्या नोंदीवर खातेदाराचं नाव भलत्याच बाईचं निघालं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येण्याची शक्यता असते. आमच्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती.

रील कोणालाही देताना आता मी आधी झाकण उघडून आतले फोटो काढतो, पायावरचा आकडा लिहून त्यावर घेणाऱ्याची सही घेतो, आणि गिअरच्या चपट्या बाजूला, दातांपासून लांब, सुईने बारीक रेघ मारतो. शक्य असेल तर समोर बसूनच काम करून घेतो. ज्याला काम येतं त्याला समोर बसलेल्या माणसाचा त्रास होत नाही. सातपूरला एक टर्नर आहे, तो जुनी स्प्रिंग नमुन्याला घेऊन पियानो वायरची नवी वाकवून देतो. ऐंशी रुपये घेतो आणि देताना सांगतो, "ही ओरिजिनल नाही हां साहेब, मी केलेली आहे." माझ्या संग्रहातल्या तीन रीलमध्ये त्याच्या स्प्रिंगा आहेत आणि कागदावर तसं लिहून ठेवलेलं आहे.

कांद्याच्या बातमीवर ठेवलेल्या, एका दाताचा कोपरा उडालेल्या गिअरचा फोटो आणखी कोणाला आला असेल, तर तो पुसू नका. फोटो आल्याची तारीख, दिलेली रक्कम आणि यूपीआयवर दिसलेलं खातेदाराचं नाव लिहून ठेवा, आणि आपल्या जवळच्या ठाण्यात अर्ज द्या. आमच्या अर्जाला अजून दोघांचे जोडले गेले आहेत, त्यातले एक जळगावचे आहेत.