जुनं क्यूबेस ठेवावं की नवीन सॉफ्टवेअर घ्यावं? गोव्यातल्या छोट्या स्टुडिओसाठी

क्यूबेस म्हणजे कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड आणि मिक्स करायचं सॉफ्टवेअर. त्याची पाचवी आवृत्ती, क्यूबेस ५, आली २००९ साली. फोंडा, डिचोली, म्हापशाकडच्या घरगुती स्टुडिओंत ते अजून सापडतं. कुठे त्याच कामाचं, त्याहून जुनं कूल एडिट प्रो, कुठे सोनार, कुठे फ्रूटी लूप्स (आताचं एफएल स्टुडिओ). भजनांचे अल्बम, चवथीच्या आरत्या, जत्रेतल्या नाटकांचं पार्श्वसंगीत त्यावर होतं आणि लोक ते आवडीने ऐकतात. मग बदलायचं कशाला? आवाजासाठी बदलण्याची गरज नाही, असं मी ठामपणे सांगतो. पण एडिटिंगची दोन कामं जुन्यात फार वेळ खातात, आणि आज चालणारा कॉम्प्युटर उद्या बंद पडला तर जुनं सॉफ्टवेअर पुन्हा उभं करता येईलच असं नाही. निर्णय या दोन गोष्टींवर घ्यावा.

आवाज

क्यूबेस ५ सगळ्या ट्रॅकची बेरीज ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये करतं. ६४ बिटची सोय क्यूबेसमध्ये ९.५ आवृत्तीत, २०१७ साली आली. तेच ट्रॅक, तीच लेव्हल, एकही प्लगइन (वरून जोडलेला इफेक्ट) नाही, अशा स्थितीत दोन्हीकडून मिक्स काढून ऐका. फरक कानाला लागणार नाही. तुमची पेटी कर्कश येत असेल तर माइकची जागा बदला, खोलीत जाड पडदे लावा. त्या पैशात मिळणारा फायदा कुठल्याही नवीन आवृत्तीत मिळत नाही.

हणजूणच्या किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात जे गोवा ट्रान्स डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवरून वाजायचं, त्यातलं बरंचसं युरोपातल्या स्टुडिओंत अटारी एसटी कॉम्प्युटरवर रचलेलं होतं. तो कॉम्प्युटर १९८५ चा, त्यावरचं पहिलं क्यूबेस १९८९ चं. ऑडिओ रेकॉर्डिंग त्यात नव्हतंच, फक्त मिडी, म्हणजे कुठला स्वर कधी वाजवायचा याच्या सूचना. तरी ते संगीत आजही जगभर वाजतं.

आवाजाच्या बाबतीत एकच उणीव खरी आहे: जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस मीटर नसतो. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे मिक्स किती मोठं आहे हे मोजता आलं पाहिजे. युलीनचा लाउडनेस मीटर फुकट मिळतो. तयार फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्यातून तपासली की काम झालं.

घुमट आणि चढती लय

इथे मात्र नव्याचा फायदा स्पष्ट आहे. घुमट हे गोव्याचं मातीचं तालवाद्य. त्याच्या एका तोंडाला चामडं आणि दुसरं तोंड उघडं. थाप एकीकडून येते, घुमारा दुसरीकडून. चांगलं रेकॉर्डिंग हवं तर दोन्हीकडे माइक लावावे लागतात. शेजारी शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळे, म्हणजे झांजा, असले की तेही सगळ्या माइकमध्ये शिरतात. आता एखादी थाप मागेपुढे झाली आणि ती सरकवायची आहे, तर सगळे ट्रॅक एकाच जागी कापून सारखेच सरकवायला हवेत. थोडा जरी फरक पडला तरी फेज, म्हणजे वेगवेगळ्या माइकमधल्या लहरींचा मेळ, बिघडते आणि घुमटाचा खालचा भरीव आवाज पोकळ होतो. अनेक ट्रॅक एकत्र धरून, फेज सांभाळून क्वांटाइझ करण्याची, म्हणजे थापा तालात बसवण्याची, सोय क्यूबेस ६ मध्ये, २०११ साली आली. क्यूबेस ५ मध्ये हे हाताने करावं लागतं. चवथीच्या तोंडावर पाच-सहा आरत्या उरकायच्या असतील तर या एका कारणासाठी बदल करणं योग्य आहे.

दुसरं काम लयीचं. भजनाची लय चढत जाते, आणि ती चढायलाच हवी. क्लिकवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या एकसारख्या ठोक्यावर, गायला लावलेलं भजन मला निर्जीव वाटतं. पण नंतर त्याखाली कीबोर्ड किंवा लूप भरायचा असेल तर सॉफ्टवेअरला ती चढती लय समजावी लागते. वाजवलेल्या ट्रॅकवरून टेम्पो ओळखण्याची सोयही क्यूबेस ६ पासूनची. त्याआधीच्यात टेम्पो ट्रॅकवर एकेक मात्रा बसवत जायचं. फक्त पेटी, पखवाज, टाळ आणि गायक एवढंच रेकॉर्ड करत असाल, तर याची गरजच नाही.

सूर दुरुस्तीसाठी बदलू नका. व्हेरिऑडिओ क्यूबेस ५ मध्येच आहे, आणि एका गळ्याचा एखादा स्वर नीट करायला ते पुरतं. नाट्यगीतात मींड सपाट करण्याचा मोह जुन्यातही टाळावा आणि नव्यातही.

तयार गाण्यातून गळा आणि वाद्यांचे आवाज वेगळे करण्याची सोय हल्ली खूप बोलली जाते. एफएल स्टुडिओत ती २०२३ मध्ये आली, ॲपलच्या लॉजिकमध्ये २०२४ मध्ये. घरातल्या जुन्या कॅसेटवरचा आजोबांचा गळा मोकळा करायला ती मोलाची आहे. पण बहुतेक ठिकाणी वाटणी गायन, ड्रम, बास आणि उरलेलं अशी असते. पेटी त्या उरलेल्यात जाते, आणि घुमट कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

यंत्र बंद पडलं तर

मला खरी काळजी याची आहे. क्यूबेस ५ यूएसबी डोंगलशिवाय, म्हणजे लायसन्स साठवलेल्या छोट्या यूएसबी काडीशिवाय, उघडत नाही. क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गने या डोंगलमागची ऑनलाइन सेवा मे २०२५ मध्ये बंद केली. डोंगलमध्ये असलेलं लायसन्स चालत राहतं, पण डोंगल हरवला किंवा बिघडला तर ते परत मिळवण्याचा रस्ता उरलेला नाही. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत यूएसबीचे पत्रे काळे पडायला वेळ लागत नाही. डोंगल पुढच्या पोर्टला लटकत ठेवू नका, मागे लावा आणि काढघाल टाळा.

साउंड कार्डाचं तसंच. पीसीआय कार्ड बसेल असा स्लॉट आता बहुतेक मदरबोर्डवर नसतो, आणि ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही. शिवाय ३२ बिटचं सॉफ्टवेअर फार तर ४ जीबी मेमरी वापरू शकतं, त्यामुळे मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संग्रह) त्यात भरत नाहीत. नवे प्लगइन बहुतेक ६४ बिटचेच येतात, ते त्याला दिसतही नाहीत. मॅकवाल्यांचा प्रश्न तर २०१९ मध्येच निकाली निघाला: मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटचं काहीच चालत नाही.

म्हणजे जुनं ठेवायचं असेल तर जुनी मशीनही तशीच ठेवा: इंटरनेट काढलेली, यूपीएसवर, हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर. क्रॅक केलेली प्रत वापरत असाल तर हा विचार इथेच थांबवा. तिच्यासोबत काय आलंय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि त्यावर दुसऱ्याच्या गळ्याचं रेकॉर्डिंग ठेवणं बरोबर नाही.

नवं घ्यायचं तर कुठलं

माझी पसंती रीपर. छोट्या व्यवसायासाठी लायसन्स ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या थोडं वर, आणि ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. विंडोजवर ते जुने ३२ बिट प्लगइन स्वतःच पूल बांधून चालवतं, त्यामुळे वर्षानुवर्षांचा तुमचा आवडता रिव्हर्ब मरत नाही. नवीन क्यूबेस तुमचे जुने प्रोजेक्ट उघडेल, पण नवव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, त्याने ३२ बिट प्लगइन सोडून दिले आहेत. प्रोजेक्ट उघडतो आणि अर्धे इफेक्ट गायब असतात. क्यूबेसचे शॉर्टकट हाताला बसलेले असतील आणि पैशांची अडचण नसेल तरच ते घ्या.

एफएल स्टुडिओ विकत घेतलेलं असेल तर पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट मिळतात. जुन्यावर अडून राहण्यात काहीच अर्थ नाही. नव्याने घेताना लक्षात ठेवा, सगळ्यात स्वस्त फ्रूटी आवृत्तीत माइकचं रेकॉर्डिंग होत नाही. कूल एडिट प्रो २००३ मध्ये अडोबीने घेतलं आणि त्याचं ऑडिशन झालं. कॅसेटचा खरखराट काढायला ते जुनं अजून उत्तम आहे, त्यासाठी वेगळं ठेवा. नवशिक्याने मात्र जुन्यापासून सुरुवात करू नये. फुकट मिळालं तरीही.

बदलण्याआधी

प्रत्येक गाण्याचे सगळे ट्रॅक पहिल्या बारपासून, इफेक्टशिवाय, २४ बिट वेव्हमध्ये काढून ठेवा. मिडी वेगळी. फोल्डरच्या नावात टेम्पो आणि पट्टी लिहा, काळी दोन की पांढरी चार ते सहा महिन्यांनी आठवत नाही. हे जुनी मशीन चालू असतानाच होतं, म्हणून नवं घ्यायचं ठरलेलं नसलं तरी आताच करा.

प्रत्यक्ष बदल जत्रा आणि नाटकांचा हंगाम संपल्यावर, पावसाच्या सुरुवातीला करावा. चवथीची कामं यायला तेव्हा थोडा अवधी असतो, आणि नवीन सॉफ्टवेअरवर पहिलं रेकॉर्डिंग आपल्याच घरच्या भजनाचं करता येतं.