पोकरची पेटी आणि प्लास्टिकचे पत्ते: दिवाळी ते पावसाळा वापरून

आमच्या ठाण्यातल्या कंपूत निम्मे लोक मोबाइलवर पोकर खेळायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ते थांबलं. मग दिवाळीत वर्गणी काढून पाचशे चिप्सची (पैशाच्या जागी लावायच्या चकत्यांची) एक पेटी आणि कोपॅगचे पत्ते घेतले. तेव्हापासून बहुतेक शनिवारी रात्री बैठक होते, एक रुपयाही न लावता. घरगुती पातळीवर खेळणाऱ्यांना सामान निवडताना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय. पण सामानापेक्षा मोठी गोष्ट मला या महिन्यांत कळली: पैसे नसले तरी चिपला किंमत देता येते, आणि ती दिली तरच तो खेळ पोकर राहतो.

आधी पत्ते. तुमच्याकडे ठरावीकच पैसे असतील तर ते पत्त्यांवर घाला, चिप्स साध्या चालतील. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदी कॅट दोन महिने टिकत नाही. पानं ओलावा धरून फुगतात, कडा भुसभुशीत होतात, आणि एखाद्या एक्क्याचा कोपरा दुमडला की तो पाठीवरून ओळखू येतो. मेंढीकोटात हे चालवून घेता येतं. आम्ही पोकरचा होल्डेम हा प्रकार खेळतो: प्रत्येकाला दोन झाकलेली पानं, आणि मध्ये सगळ्यांसाठी पाच उघडी. तुमची दोन पानं झाकलेली राहण्यावरच सगळा डाव उभा असतो. कोपॅग ही ब्राझीलची जुनी कंपनी, आणि आम्ही घेतलेली पानं पूर्ण प्लास्टिकची आहेत. चिवड्याचे हात लागले की कोमट पाण्यात किंचित साबण घालून पुसतो आणि पंख्याखाली वाळवतो. जुलैतही पानं सरळच्या सरळ आहेत.

घेताना दोन गोष्टी बघा. पोकर मापाचं पान ६३ मिलिमीटर रुंद असतं, ब्रिज मापाचं ५७; उंची दोन्हींची ८८. हात लहान असतील तर ब्रिज मापाचं पान धरायला सोपं जातं. आणि कोपऱ्यातला आकडा मोठा असलेलीच घ्या, कारण मधली पाच पानं टेबलाच्या दोन्ही टोकांवरून वाचता आली पाहिजेत. चाळिशी ओलांडलेल्यांचा कंपू असेल तर हे फार महत्त्वाचं. एक त्रास मात्र आहे: नवी पानं भयंकर निसरडी असतात. काचेच्या टीपॉयवर ती वाटताना उलटून उघडी पडतात. आम्ही जाड सोलापुरी चादर अंथरतो.

दोन रंगांच्या पाठीचे दोन कॅट एकत्र येतात, त्याचा फायदा घ्या. एक वाटला जात असताना दुसरा पिसून तयार ठेवायचा. पिसण्याबद्दलही सांगतो. आपण लहानपणापासून कॅट हातात धरून थोडीथोडी पानं वरखाली करत पिसतो, त्याने पानं नीट मिसळत नाहीत. कॅटचे दोन भाग करून कडा एकमेकांत गुंफत पिसलं तर साधारण सात वेळा पुरे, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं. प्लास्टिकच्या पानांना हे गुंफणं सोसतं. कागदी पानं त्यानेच लवकर मरतात.

आता चिप्स. आमची पेटी साडेचार हजारांच्या आसपास पडली. जाहिरातीत ‘१४ ग्रॅम, अस्सल कसिनो वजन’ लिहिलेलं होतं, ते मनावर घेऊ नका. कसिनोतल्या मातीच्या मिश्रणाच्या चिप्स साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच्या असतात. घरगुती चिपमध्ये आत धातूची चकती घालून वजन वाढवतात. हाताला ते भारी लागतं हे खरं, पण पाचशे चिप्सचे सात किलो होतात आणि ॲल्युमिनियमच्या पेटीची कडी ते सोसत नाही. आमची होळीच्या सुमारास ढिली झाली. पेटी खालून धरून उचला. काही चिप्सवरचे स्टिकर दमट हवेत कडेने सुटायला लागलेत, म्हणून रंग चिपच्या अंगातच असलेल्या, स्टिकर नसलेल्या चिप्स मिळाल्या तर त्या घ्या.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आकडा छापलेल्या चिप्स घेऊ नका. आमच्या नशिबाने कोऱ्या मिळाल्या. पाच रंग, प्रत्येकी शंभर. आकडा छापलेला असला की पन्नास आणि शंभरच्या चिप्स पडून राहतात आणि एकच्या कमी पडतात. आम्ही १-२ च्या ब्लाइंडवर (डाव सुरू होताना दोघांनी सक्तीने लावायचे गुण) खेळतो आणि प्रत्येकाला २०० गुण देतो: एकच्या पंधरा, पाचच्या बारा, पंचवीसच्या पाच. सहा जणांना हे आरामात पुरतं. आठ जण आले की सुटे कमी पडतात, आणि तेव्हा लगेच डाव बिघडतो. मध्ये दहा गुण आहेत आणि समोर फक्त पंचवीसच्या चिप्स आहेत, तर माणूस पंचवीसच टाकतो. लावण्याची रक्कम हातात काय सुटं आहे यावर ठरू लागते. मग आम्ही आणखी एका रंगाला ‘एक’ची किंमत दिली आणि बैठक जागेवर आली. कोऱ्या चिप्स असल्यामुळेच हे जमलं.

आता गुणांना किंमत कशी द्यायची ते. नुसते गुण वाटले तर तिसऱ्या डावाला कोणीतरी सत्ती-दुर्रीवर ऑल-इन जातो, म्हणजे समोरच्या सगळ्या चिप्स लावतो, आणि हसत पुन्हा चिप्स मागतो. यावर आम्ही हंगाम ठरवले, पहिला दिवाळी ते गुढीपाडवा. प्रत्येकाला हंगामाला हजार गुण. एका वेळी दोनशे काढायचे. रात्री उरलेल्या चिप्स मोजून वहीत जमा. हजार संपले की हंगाम संपेपर्यंत त्याने फक्त पानं वाटायची. हंगामअखेरच्या जेवणाला कुठे जायचं ते पहिला आलेला ठरवतो, बिल सगळे सारखं भरतात. एवढ्याने माणसं पानं टाकून द्यायला शिकली. टेबलावरची जागा जाणार ही भीती खरी असते, तिला पैशाची गरज नाही.

खेळाबद्दल सांगायचं तर आपली खरी अडचण तीन पत्ती आहे. तिथे तीन पानांत जवळजवळ ७४ टक्के वेळा हाती काहीच नसतं, म्हणून जोडी म्हणजे चांगलं पान. होल्डेममध्ये शेवटपर्यंत गेलात तर सात पानांतून डाव लावायचा असतो आणि काहीच न लागण्याची वेळ जेमतेम १७ टक्के. छोटी जोडी तिथे कुणाकडेही निघते. आमच्यातले तीन पत्तीत मुरलेले लोक चौकीच्या जोडीवर शेवटपर्यंत जायचे, आणि वहीतले सर्वांत जास्त गुण त्यातच गेले. क्रमही वेगळा आहे: तीन पत्तीत रन (ओळीने लागलेली पानं) कलरला (सगळी एकाच चिन्हाची पानं) मारते, पोकरमध्ये कलर रनला मारतो. एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत जवळजवळ सर्वांत वरची रन, तर पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची रन सर्वांत खालची. नव्या माणसाला हे कागदावर लिहून समोर ठेवा, भांडणं वाचतात.

घरगुती टेबलावर ब्लफ, म्हणजे हलक्या पानांवर मोठं लावून घाबरवणं, फारसा चालत नाही, कारण ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कोणीतरी कॉल करतोच, म्हणजे तेवढेच गुण लावून पुढे येतो. ही सवय तुमच्या फायद्याची आहे: चांगलं पान असेल तेव्हा न लाजता जास्त लावा. स्वतः मात्र कुतूहलापोटी कॉल करू नका. समजा शेवटचं एकच पान यायचंय, तुमचे चार बदाम झालेत, मध्ये शंभर गुण आहेत आणि समोरच्याने पन्नास लावले. पन्नास देऊन दीडशे मिळवायचे, म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं. पाचवा बदाम येण्याची शक्यता साधारण साडेएकोणीस टक्के, म्हणजे पाचात एकदाही नाही. पान टाकून द्या. हा एवढा हिशोब बसला तरी टेबलावर फरक पडतो. बटणावर (वाटणाऱ्याच्या जागी) किंवा त्याच्या आसपास बसला असाल तर थोडी हलकी पानं खेळा, कारण इतरांनी काय केलं ते बघून तुमचा निर्णय होतो. अगदी आधी बोलायची पाळी असेल तर फक्त भारी पानं.

लहान मुलं असलेल्या घरात पेटी उंचावर ठेवा, चिप्स गुळगुळीत असतात आणि तोंडात जातात. आता आम्हाला पांढऱ्या रंगाच्या आणखी शंभर सुट्या चिप्स हव्या आहेत, ३९ मिलिमीटर मापाच्या, म्हणजे आठ जणांनाही सुटे पुरतील. पूर्ण पेटी न घेता एकच रंग विकणारं ठाणे-मुंबईत कोणी माहीत असेल तर जरूर सांगा.