वजन उतरवायला काय घ्यावं: चारशेचा काटा की दोन हजारांचा बँड?

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि मनगटावरचा फिटनेस बँड, दोन्ही वस्तू आता तालुक्याच्या मोबाइल दुकानातही मिळतात. दोन्हींपैकी एकच घ्यायची असेल तर काटा घ्या. बँड वाईट नाही. पण 'आज इतक्या कॅलरी जळल्या' हा जो आकडा तो सगळ्यात मोठ्या अक्षरांत दाखवतो, तोच त्याचा सगळ्यात कच्चा आकडा आहे.

आधी काटा. बाजारात जास्त दिसतो तो एसएफ-४०० नावाने विकला जाणारा, पांढरा, गोल ताटलीचा. क्षमता १० किलो, वाचन १ ग्रॅमपर्यंत, दोन पेन्सिल सेल, किंमत तीनशे ते पाचशेच्या घरात. बटणं मोजकीच आहेत आणि त्यातलं रोजच्या कामाचं एकच: टेअर, म्हणजे ठेवलेलं भांडं शून्यात काढायचं. परात ठेवा, टेअर दाबा, पीठ घाला. दिसेल ते निव्वळ पिठाचं वजन.

आणल्याबरोबर तो तपासून घ्यावा. किराणा दुकानात वैधमापन खात्याचा छाप असलेलं लोखंडी अर्ध्या किलोचं वजन असतं, ते ताटलीवर ठेवून पाहा. दोन-तीन ग्रॅमचा फरक चालतो. दहा-पंधराचा असेल तर परत करा. दुसरी खोड जागेची. सारवलेल्या जमिनीवर किंवा डुगडुगत्या पाटावर हा काटा खोटं बोलतो, सपाट फरशी किंवा ओटा हवा. चुलीवरून उतरवलेला गंज (पातेलं) थेट ठेवू नका, उष्णतेने आतल्या सेन्सरचा आकडा सरकतो आणि प्लास्टिकचंही नुकसान होतं. मध्ये लाकडी फळी ठेवून टेअर करा. दोनशे ग्रॅम पीठ अचानक ७ दाखवायला लागलं तर काटा बिघडलेला नाही, चुकून एककाचं बटण दबून तो औंसावर गेलेला आहे. आणि काही मिनिटं हात लावला नाही की तो आपोआप बंद होतो, टेअर पुसलं जातं. यावर उपाय सोपा: रोजच्या गंजाचं, डब्याचं रिकामं वजन एकदा मोजून बुडाशी लिहून ठेवा. आपल्याकडे भांड्यांवर नावं कोरलेली असतातच, शेजारी आकडाही राहील.

तेलाच्या बाबतीत मात्र या स्वस्त काट्यांचा खरा दोष उघड होतो. ताटलीवर वजन अगदी हळूहळू वाढलं तर काटा ते आपलीच हालचाल समजून शून्यातच धरतो. धार बारीक असली की पाच-सहा ग्रॅम तेल हिशेबातून गायब होतं. म्हणून उलटं मोजा. तेलाची बरणी काट्यावर ठेवा, टेअर करा, लागेल तेवढं तेल काढून घ्या आणि बरणी परत ठेवा. वजा खूण लावून जो आकडा येईल तेवढं तेल फोडणीत गेलं. हे एवढं एकच मोजमाप महिनाभर नीट केलं तरी काट्याचे पैसे वसूल होतात, कारण १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात आणि पोह्याच्या मोठ्या चमच्यात जवळपास १२०. गोळाभातावर जे कडकडीत फोडणीचं तेल ओततात ते दोन मोठे चमचे धरलं, तर भाताआधीच २४० झाले.

घराचा ढोबळ हिशेब असाही निघतो: १५ किलोचा डबा पाच जणांच्या घरात तीन महिने पुरत असेल, तर माणशी रोज ३३ ग्रॅम, म्हणजे ३०० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तो डबा चार महिने पुरवला तर माणशी रोज ७५ कॅलरी कमी होतात, कोणाचीही भाकर न तोडता.

भाकरीचं वजन थापल्यावर नाही, कोरड्या पिठाचं करायचं. भाजलेल्या भाकरीत पाणी असतं. तिचं वजन घेऊन पिठाचा आकडा लावला की कॅलरी फुगतात. सगळ्या भाकरींचं पीठ एकदा मोजा, भाकरींच्या संख्येने भागा. ८० ग्रॅम पिठाची भाकर साधारण २७० कॅलरीची. हात मोठा असेल तर १०० ग्रॅमची सहज होते, आणि 'दोनच भाकरी खाल्ल्या' यातला फरक तिथेच लपतो. पोळी सोडून भाकर धरली म्हणजे कॅलरी कमी, ही समजूत चूक आहे. १०० ग्रॅमला ज्वारीचं पीठ सुमारे ३३५, कणीक ३२०, तांदूळ ३५५, तूरडाळ ३३०. फल्लीदाणे (शेंगदाणे) मात्र ५२०, त्यामुळे भाजीतला कूट आणि येता-जाता तोंडात टाकलेली मूठ, दोन्ही मोजा. भात, वरण आणि चुनासाठी (पिठल्यासाठी) कच्च्या मालाच्या कॅलरींची बेरीज करायची, शिजलेला सगळा गंज तोलून गंजाचं वजन वजा करायचं, आणि आपल्या ताटात त्यातले किती ग्रॅम आले त्या प्रमाणात कॅलरी धरायच्या. मोबाइलच्या अ‍ॅपातली 'एक वाटी भाजी' कोणाची वाटी नि कोणाची भाजी, देव जाणे.

आता बँड. पावलं आणि नाडीचे ठोके तो बऱ्यापैकी मोजतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. त्यातल्या सहांच्या ठोक्यांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. कॅलरीत मात्र सगळ्यात बऱ्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३. गावात आणखी भर पडते. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटरसायकल चालवली की पावलं वाढतात, आणि बसून निंदण करताना किंवा डोक्यावर ओझं धरून चालताना ती कमी भरतात. पट्टा सैल असला, खाली घाम-धूळ साचली की ठोकेही चुकतात. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण वळ न उठेल असा बांधा आणि संध्याकाळी धुऊन कोरडा करा.

शिवाय 'जळलेल्या' कॅलरीत बरेच बँड बसल्या जागी जळणाऱ्याही धरतात. ६८ किलोच्या बाईने तासाभरात ५ किलोमीटर चाललं तर एकूण २४० च्या आसपास जळतात, पण नुसतं बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या फक्त १७० जळतात. १७० म्हणजे १९ ग्रॅम तेल. चालून परतताना चौकात एक प्लेट तर्री पोहे घेतले, तर वरचा तवंगच तो हिशेब मिटवून टाकतो. म्हणून बँडवरचा आकडा बघून जास्त खायचं नाही. व्यायामाच्या कॅलरी पदरात राहू द्यायच्या.

मग खायचं किती? आधी दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी जळणाऱ्या कॅलरी काढा: १० गुणिले वजन किलोत, अधिक ६.२५ गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, वजा ५ गुणिले वय. बाईसाठी त्यातून १६१ वजा, पुरुषासाठी ५ अधिक. वर्षे ३५, उंची १५५, वजन ६८ अशा बाईला १,३१३ येतात. घरकामाच्या दिवसांत याला १.४ ने गुणा: १,८४०. त्यातून ४०० कमी केले की १,४४०, आणि कागदावर एक किलो उतरायला १९ दिवस, कारण अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. प्रत्यक्षात थोडे जास्त लागतात. डॉक्टरांना न विचारता १,२०० च्या खाली जाऊ नका, आणि काट मारताना वरण किंवा अंडं तोडू नका, नाहीतर चरबीसोबत स्नायूही जातो. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा आणि भिंतीला हात टेकून दंड घालायचे ते यासाठीच.

वावरात काम असेल तेव्हा तोच गुणक १.७५ पर्यंत जातो, म्हणजे २,३०० कॅलरी. गावाकडचं वजन वाढतं ते बहुधा इथे. उलंगवाडी झाली की कापूस वेचणीचं काम संपतं, रोजच्या साडेचारशे कॅलरींचा खर्च थांबतो, पण ताटातल्या दीड-पावणेदोन भाकरी तशाच राहतात. वर लगीनसराई. काटा विकत घ्यायचा मुहूर्त दिवाळीनंतरचा नाही, फाल्गुनातला आहे.

पुढे वैशाखात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो, म्हणून चालणं सकाळी सातच्या आत आटपा. घामाने एक लिटर पाणी गेलं की शरीराचं वजन एक किलोने घटलेलं दिसतं. ती चरबी नाही, पाणी प्यायलं की परत येणार. खारट जेवणानंतर उलटंही होतं. रोज सकाळी शौचानंतर, चहाआधी, एकाच सपाट फरशीवर स्वतःचं वजन घ्या (स्वयंपाकघरातल्या नव्हे, माणसं तोलायच्या काट्यावर) आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहा. तीन आठवडे सरासरी हललीच नाही तर बहुतेक मोजणीतच गळती असते: चहाची साखर, पंगत, फल्लीदाणे, या क्रमाने शोधा.

सिकलसेलच्या (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) रुग्णांनी उन्हात किंवा दम लागेपर्यंत व्यायाम करू नये, शरीरातलं पाणी कमी झालं की त्रास उसळतो. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारल्याशिवाय आहार कमी करू नये.

काटा घेताना दुकानातच सेल घालून अर्धा किलो साखरेची पुडी तीनदा ठेवून-उचलून पाहा; तिन्ही वेळा आकडा एकच यायला हवा. दुकानदार खोकं उघडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. बँड आधीच घेऊन बसला असाल तर पावलांसाठी वापरा, आणि त्यातलं कॅलरीचं पान सेटिंगमध्ये जाऊन लपवून टाका.